जिन चालू असताना मारलेला रंग

रशीदभाई पेंटर आज पहाटे गेला.

आर्णीतल्या जुन्या लोकांना तो कोण हे सांगावं लागत नाही. नव्यांसाठी सांगतो. साठ-पासष्टच्या काळात आपल्या भागात फटफटी घेतली की बहुतेक काळीच मिळायची. ज्याला आपली गाडी दहा जणांत उठून दिसावी वाटे, तो रशीदभाईच्या दुकानात यायचा.

मी तेव्हा वीस-एकविसाचा. मॅट्रिकला दोनदा आपटलेला, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरात मन न लागणारा. त्याच्याकडे हेल्पर झालो. पगार-बिगार नाही, सगळं दोस्तीखाती.

आमच्या धंद्याचा एकच दुश्मन होता. रुई.

दुकानामागंच जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. कापसाचा सीझन लागला की हवेत रुई तरंगायची. ओल्या रंगावर एक तंतू बसला की केलेलं सगळं पाण्यात.

म्हणून रंगाचा शेवटचा हात आम्ही बाजाराच्या दिवशी मारायचो. त्या दिवशी जिन बंद.

त्या साली रशीदभाईचं लग्न ठरून राह्यलं होतं. ठरलं नव्हतं बरं का, ठरून राह्यलं होतं.

मुलगी उमरखेडची. नूर. मामाच्या घरी त्यानं तिला एकदाच पाहिलं, अन् तेव्हापासून गड्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. चहात बिस्कीट बुडवायचा अन् विसरून जायचा.

तिचे वडील गफूरचाचा टांगे रंगवायचे. त्यांचा निरोप आला होता, "खानदान पाह्यलं. आता काम पाहीन. पसंत पडलं तं पोरगी देतो."

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी यायचं ठरलं.

फुलसावंगीच्या एका कास्तकाराची फटफटी दुकानात उभीच होती. टाकी डाळिंबी करायची, वर सोनेरी लाइन. शेवटचा हात तेवढा बाकी. बाजाराच्या दिवशी मारू, म्हणजे चाचा येईपर्यंत आरशासारखी होते, असा आमचा हिशेब.

चाचा बाजाराच्या आदल्या दिवशीच बसमधून उतरले.

मागं जिन धडधडून राह्यली होती.

"चाचा, तुम्ही तं परवा येणार होते ना?"

"बाजाराच्या दिवशी तं कोणीबी रंग मारते, मियां. आता मार. माझ्यासमोर."

रशीदभाईच्या तोंडचं पाणी पळालं. पण नाही म्हणायची सोय नव्हती.

आम्ही शर्ट काढले. सुती कपड्याचेही तंतू सुटतात, म्हणून रुईच्या दिवसात उघड्या अंगानं काम. ओल्या फडक्यानं अंग पुसलं, केसांना तेल चोपडलं, जमिनीवर पाणी मारलं, दार-खिडकीला ओली बारदानं टांगली.

चाचांनाही सदरा काढायला लावला.

"सासऱ्याले उघडा बसवता काय बे?"

"सासरे झाले कुठं अजून तुम्ही," मी बोलून गेलो. रशीदभाईनं माझा पायच चेंगरला.

मग रशीदभाईनं ब्रश टाकीला टेकवला.

जिनच्या आवाजानं छपराची टिनं थरथरत होती, पण त्याचा हात नाही. एका दमात सगळी टाकी झाली. मले वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात बारदानाच्या फटीतून एक तंतू आत आला.

आम्ही तिघांनीही पाहिला. खाली यायचा, पुन्हा वर जायचा. हात हलवावा तर वारा होणार. फुंकर मारावी तर अजून काय उडेल, नेम नाही.

टाकीच्या ऐन खांद्यावर बसला.

मी रशीदभाईच्या कानाशी लागलो. "लाइन तिथूनच जाते ना? वाळल्यावर वरून सोनेरी ओढ. कोणाले दिसते?"

"दिसणार नाई. पण चार महिन्यानं लाइन तिथंच सुटून येते." मग तो चाचांकडं वळला. "चाचा, रुई बसली. आज वाळू देतो. उद्या घासून पुन्हा मारतो."

चाचा उठले. सदरा चढवला.

"लाइनखाली झाकता येते, मियां. मी जिंदगीभर तेच केलं."

"मले नाई जमत, चाचा."

"नखायेवढ्या रुईपायी येवढा वेळ घालवते. हा माणूस माझ्या पोरीले काय खाऊ घालीन?"

अन् निघाले. तडक बस स्टँडच्या रस्त्यानं.

मी मागं धावणार, तर रशीदभाईनं मनगट धरलं. "नोको जाऊ. तू मनवून आणशीन, अन् ते जनमभर मले ऐकवतीन."

जिनचा भोंगा वाजेपर्यंत तो त्या टाकीसमोर बसून होता. मीही.

दुसऱ्या दिवशी बाजार. जिन चूप, हवा साफ. टाकी घासली, धुतली, पुन्हा रंग मारला. दर मोटारीच्या आवाजाला तो रस्त्याकडं पाहायचा.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे ठरल्या दिवशी, दारात गफूरचाचा उभे.

सलाम नाही, दुआ नाही. सरळ टाकीजवळ गेले. डोळे मिटले अन् तळवा फिरवला. पुन्हा फिरवला. मग बोटाच्या टोकानं ती खांद्याची जागा शोधू लागले.

सापडेना.

"भुके मरसान दोघंबी," ते पुटपुटले. "चहा पाज."

मी चहा आणला. त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "साखर कमी हाये."

रशीदभाईनं धडपडत उठून साखरेचा डबा घेतला.

"बैस, बेटा. नूर आली घरात की तिच्या हातचा पेईन."

चहा संपवून ते बस धरायला गेले. रशीदभाई साखरेचा डबा छातीशी धरून तसाच उभा.

"काय म्हणले बे ते?"

"हो म्हणले."

"कवा?"

"आत्ता. तुझ्यासमोर."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. मग तो मटकन खाली बसला अन् लहान लेकरासारखा रडला.

आज दुपारी त्याला माती देऊन आलो. येऊन नूरभाबीजवळ बसलो.

खुदा हाफिज, रशीदभाई.