दोन घरांची स्कूटर

अर्ध्या स्कूटरची मालकीण आज सकाळी गेली.

उरलेली अर्धी आमची होती.

हिराकाकू. भिवंडीत तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. माहेर जवळच्याच शेलार गावचं, शेतकऱ्याघरचं. स्कूटर तिनं एकदाही चालवली नाही. पण ती नसती तर स्कूटर चालली नसती.

सत्तरच्या दशकात स्कूटर दुकानात जाऊन मिळत नसे. नंबर लावायचा आणि विसरून जायचं. वसंतकाकांचा, म्हणजे काकूच्या नवऱ्याचा, नंबर आला तेव्हा ती त्यांना एकट्याला झेपणार नव्हती. बाबांनाही गाडी हवी होती. दोघं एकाच कचेरीत कारकून. मिळून घेतली.

एक आठवडा त्यांचा, एक आमचा.

कचेरीत विचारायचे, पुढचं चाक कुणाचं?

गाडीची खरी गरज आईला होती. तिची बदली अंबाडीच्या शाळेत झालेली. सकाळची एसटी पोचायची तेव्हा घंटा होऊन गेलेली असायची. स्कूटर आहे तोवर नोकरी आहे, इतकं साधं. ज्याचा आठवडा, त्यानं आईला अंबाडीला सोडायचं आणि परत येऊन कचेरी गाठायची.

काकांच्या आठवड्यात आई काकांच्या मागे बसायची. आळीत कुजबुज झाली. एकीनं ती काकूच्या कानावर घातली.

काकू म्हणाली, "बोलू दे. तिसऱ्याला बसायला जागा न्हाय म्हणून जळतात."

कुजबुज थांबली.

दोन्ही घरांत गाडीला एकच शब्द होता. आपली. आपली गाडी पुसली का. आपल्या गाडीचा आवाज वेगळा येतोय.

'आमची' आणि 'आपली' यांच्यामध्ये मराठीत एक अख्खी भिंत असते. पुढे मी हे वर्गात शिकवलं. शिकले मात्र अंगणात.

त्या गाडीला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागे. नाही मिसळलं तर इंजिन जाम.

एका रविवारी संध्याकाळी काकांनी पेट्रोल भरलं. पंपावर तेल संपलेलं. घरच्या डब्यातलं नंतर टाकू म्हणाले आणि राहिलं. सोमवारपासून आठवडा आमचा. बाबांना वाटलं, तेल असेलच.

शेलार ओलांडलं आणि इंजिन जाम झालं. मागचं चाक अडकलं. आई-बाबा रस्त्यावर. आईचं कोपर सोलवटलं.

बाबा गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत घरी आले. काका अंगणातच होते.

"तुमच्या गाडीत तेल नव्हतं," बाबा म्हणाले.

तुमच्या.

काका म्हणाले, "ठीक आहे. आमची गाडी आम्ही बघू."

दोन वाक्यांत स्कूटरचे दोन तुकडे झाले. गाडी भिंतीला टेकून उभी राहिली. कुणी हात लावेना.

आई एसटीनं जायला लागली. रोज उशीर. मुख्याध्यापकांनी तोंडी समज दिली. पुढची लेखी असते, हे तिला ठाऊक होतं. शनिवारी जेवताना तिनं राजीनाम्याचा विषय काढला.

आमची भिंत पातळ होती.

रविवारी सकाळी काकू पदर खोचून दारात. "बाई, चला. गाडीला दवाखान्यात न्यायची हाय." मग दोन्ही पुरुषांना हाका मारल्या. त्यांनी गाडी ढकलली, एकमेकांकडे न बघता. मागून काकू, आई आणि मी.

गॅरेजच्या मिस्त्रीनं किक दाबून पाहिली. दबली नाही. इंजिन उघडावं लागणार होतं, आणि मालकाच्या शब्दाशिवाय तो इंजिन उघडत नसे.

"गाडी किसकी है?"

बाबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी रस्त्याकडे.

"अपनी है," काकू म्हणाली.

"अपनी मतलब किसकी?"

"मेरी. ये बाई की. और ये दो खंबे खडे हैं ना, इनकी. खोल."

मिस्त्री हसला. मग आई हसली. मग, नाइलाजानं, खांब.

पिस्टन चिकटलेला निघाला. काकांचं मत, ठाण्याच्या वर्कशॉपला द्यावी, काम पक्कं होईल. पण पार्ट येईपर्यंत थांबावं लागणार. बाबांचं मत, इथेच यंत्रमागांचे पार्ट बनवणाऱ्या लेथवर सिलिंडर आतून कातून घ्यावा आणि नवा पिस्टन टाकावा. दोघं पुन्हा बोलायला लागले होते, वाद घालण्यापुरते.

काकूनं मिस्त्रीला एवढंच विचारलं, बाई शाळेत वेळेवर कधीपासून जाईल? इथे केली तर याच आठवड्यात, तो म्हणाला.

"मग हितंच."

गाडी असो, पंप असो, दुरुस्तीला देताना मी अजून हाच प्रश्न विचारते. क्वचितच चुकते.

परतताना काकूनं कायदा केला.

"दोन घरचा पाहुणा उपाशी. ह्याला वाटतं तिकडं जेवला, त्याला वाटतं हिकडं. आता तेल जो टाकंल त्यानं भिंतीवरून ओरडून सांगायचं. समोरचा 'ऐकलं' म्हणंस्तोवर गाडी हलवायची न्हाय."

पुढची कितीतरी वर्षं आमच्या अंगणात ह्या दोन हाका ऐकू यायच्या.

"तेल टाकलंय!"

"ऐकलं!"

आईनं नोकरी पूर्ण केली. माझं एम.ए. तिच्या पगारावर झालं.

गाडी भंगारात गेली. काका, बाबा, आई, सगळे आपापल्या वेळेला गेले. काकू फोनवर मला कशी आहेस, असं कधी विचारत नसे. विचारायची, "तेल टाकलंय?" मी म्हणायची, टाकलंय. मग ती "ऐकलं" म्हणून फोन ठेवायची.

हिराकाकू, दोन्ही घरांची तुला श्रद्धांजली.

तेल टाकलंय.

आज पलीकडून उत्तर नाही. तरी टाकलंय. निवांत जा.