रायपूर: एका न छापलेल्या लेखासाठी

गुरुवारी दुपारी आमच्या नागपूरच्या वृत्तपत्राने रविवार पुरवणीचे डेस्क बंद केले. शुक्रवारी पहाटे, दारात पेपर पडायच्या आधीच, मी रायपूरच्या गाडीत बसलो. घरी सांगितले होते की नव्या राजधानीवर लेख लिहायला ऑफिसने पाठवले आहे.

वस्तुस्थिती अशी. ऑफिसने मला फक्त घरी पाठवले होते. त्याआधी तासभर एका सुटाबुटातल्या तज्ज्ञाने आम्हा सर्वांना संकटातही आनंदी कसे राहावे, हे शिकवले. मग प्रत्येकाला एक समोसा, सकारात्मक विचारांचे एक पुस्तक आणि एक पाकीट देण्यात आले. पाकिटात काय आहे हे समोसा संपेपर्यंत कुणी विचारले नाही.

रायपूरला जायला मात्र एक खरे कारण होते. तिथले एक उद्योजक नवे दैनिक काढत होते आणि त्यात रायपूरच्या मराठी वस्तीसाठी एक मराठी पान असणार होते. त्यांच्या व्यवस्थापकांशी महिन्यापूर्वी पत्रव्यवहार झाला होता. गुरुवारी संध्याकाळी फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "या ना, शनिवारी या." माझी योजना सोपी होती. आधी नोकरी मिळवायची, मग बायकोला, सुनंदाला, दोन्ही बातम्या एकदम द्यायच्या. चांगली वर, वाईट खाली.

गोंदियानंतर जंगल लागले. डोंगरगडला टेकडीवरचे मंदिर दिसताच डब्यातल्या बायकांनी हात जोडले. मीही जोडले. बेकार माणसाला श्रद्धेचे वावडे परवडत नाही.

रायपूरला मी पुरानी बस्तीत वामनकाकांकडे उतरलो. काका वडिलांचे मित्र. मूळचे वर्ध्याचे, रेल्वेतून निवृत्त होऊन इथेच राहिलेले. बोळ इतका अरुंद की रिक्षावाल्याने तोंडाशीच सोडले. काकूंनी बासी (रात्रभर पाण्यात भिजवलेला भात) समोर ठेवली. सोबत कच्चा कांदा आणि मिरची. उन्हातून आलेल्या माणसाला याहून चांगले काही देता येत नाही.

काका मी जेवेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "काहून रे, पेपरवाले तं ऑफिसच्या पैशानं लॉजमंधी उतरते ना? तू माह्या घरी काहून उतरला?"

"तुम्हाला भेटायचं होतं."

"नोकरी गेली का तुही?"

तीस वर्षे तिकिटे तपासलेल्या माणसापुढे मी हार मानली.

"बायकोले ठाऊक आहे?"

"नाही. दुसरी मिळाली की सांगतो."

"अन् नाही भेटली तं? का रोज डबा घेऊन फिरत राहशीन?"

त्यांची नात रिंकी कॉलेजात शिकते. मराठी तिला सगळे कळते, उत्तर हिंदीत येते. "दादाजी, डराओ मत ना उनको," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पॉजिटिव रहिए, अंकल."

मी तिला पुस्तक दाखवले. खोलीतला कूलर एका पायावर डगमगत होता. तिने पुस्तक त्या पायाखाली सरकवले आणि कूलर स्थिर झाला. लेखकाचे एवढे तरी म्हणणे खरे होते, की पुस्तकाने आधार मिळतो.

शनिवारी मी उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. उद्योजकांची रोलिंग मिल तिथे आहे आणि दैनिकही तूर्त तिथूनच निघणार होते. सळ्या लादलेल्या ट्रकांच्या रांगेतून गेटवर पोहोचेपर्यंत माझा पांढरा शर्ट राखाडी झाला. मी बाहेरच्या बाकावर बसलो असताना सुनंदाचा फोन आला.

"हॉटेल बरं आहे ना?"

"छान आहे. कूलर आहे."

"ऐका, काल पेपरवाला पुरुषोत्तम आला होता. विचारत होता की..."

तेवढ्यात आतून हाक आली. "आल्यावर बघतो," म्हणून मी फोन ठेवला.

व्यवस्थापक सुरेशराव. घराणे भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात. त्यांनी माझी कात्रणे मन लावून पाहिली, आणि मग म्हणाले, "काम तर एकदम बढिया आहे तुमचं. पण काय आहे ना, मराठी पन्ना कॅन्सल झाला. मालकांच्या घरी एक मराठी बाई येतात शिकवायला. त्यांना विचारलं मालकांनी. त्या म्हणाल्या, त्यांची स्वतःची पोट्टी हिंदीच वाचतात."

"कधी ठरलं हे?"

"परसों."

"मी परवाच फोन केला होता."

"हव. पण तुम्ही इतक्या खुशीत बोलून राहिले होते, मले सांगायचं जमलं नाही."

म्हणजे चूक माझीच. तज्ज्ञाने सांगितल्याप्रमाणे मी आवाज उत्साही ठेवला होता.

रविवारी परतायचे होते. पण लेखाला ऑफिसने पाठवलेल्या माणसाने राजधानी पाहिली पाहिजे, म्हणून सकाळी नया रायपूर गाठले. रस्ते इतके रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये. तशी अडचण मात्र आली नाही, कारण पलीकडे माणूस नव्हता. दिवे, दुभाजक, कारंजी, इमारती, सगळे वेळेवर हजर होते. ऑटोवाला म्हणाला, "भैया, यहाँ सवारी उतरती है, चढ़ती नहीं." परतीच्या भाड्यासाठी तो माझ्यासाठीच थांबून राहिला. आम्हा दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हते.

गाडीत मी खरोखरच लेख लिहून काढला. सवय. त्यात हॉटेलचा एक परिच्छेद होता, चहा आणि बाल्कनीसह.

रात्री घरी पोहोचलो. सुनंदाने पाणी दिले. टीपॉयवर पेपर नव्हता.

"आजचा पेपर कुठे आहे?"

"शुक्रवारपासून आलेलाच नाही." ती समोर बसली. "तेच फोनवर सांगत होते. पुरुषोत्तम म्हणाला, वहिनी, फुकटच्या स्टाफ कॉप्यांच्या यादीतून साहेबांचं नाव कापलंय. आता विकत टाकू का?"

अठरा वर्षे तो पेपर घरी येत होता. बायकोपासून बातमी लपवण्याचा बारकाईने बेत आखताना मला जगातल्या सगळ्या गोष्टी सुचल्या. फक्त पेपर सुचला नाही.

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, थांब दोन दिवस. हे रायपूरहून येऊ देत."

"तिथलंही नाही झालं."

"कळलं मला. यादीतून नाव कापलं म्हटल्यावर रायपूर कशासाठी, तेही कळलं होतं. जमलं असतं तर स्टेशनवरून फोन केला असता तुम्ही." तिने रिकामा पेला बाजूला ठेवला. "लेख लिहिलात?"

"लिहिला."

"मग वाचा."

मी वाचला. रिंकीचा कूलर आला तेव्हा ती हसली, ऑटोवाला आला तेव्हाही. बाल्कनी आली तेव्हा तिने हात पुढे करून कागद घेतला आणि माझ्याच खिशातल्या पेनाने हॉटेलचा परिच्छेद आडवा कापला.

"रिंकीचा कूलर हॉटेलात कसा? इथे काकांचं घर लिहा," ती म्हणाली. "आणि सुरुवात गुरुवारपासून करा."

तुमच्यासमोर आहे तो हा सुधारित मजकूर.