उजव्या बाजूचा आडोसा

खर्ऱ्याची थुंकी पानाच्या पिचकारीसारखी लाल नसते. ती तपकिरी आणि पातळ असते आणि तिच्यात सुपारीचा भुगा असतो. गालावर पडली की आधी भुगा जाणवतो, वाळूसारखा. ओल नंतर लक्षात येते. वास चुन्याचा, तंबाखूचा आणि त्याखाली दुसऱ्या माणसाच्या तोंडाचा. नागपुरात जन्म काढूनही ही माहिती मला निवृत्तीनंतर मिळाली, कारण तोवर माझा चेहरा रस्त्यापासून पुरेसा उंच होता.

आता तो मोटारीच्या दाराच्या मुठीएवढ्या उंचीवर असतो. मी झोपून चालवायची सायकल चालवतो. तिला रिकम्बंट म्हणतात. तिच्यावर सीटऐवजी मागे कललेली खुर्ची असते. पाय समोर पसरायचे, पॅडल पुढच्या चाकाच्याही पुढे असतात. पाठीचा सगळा भार खुर्ची घेते. मला तेवढेच हवे होते. वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसून बसून कमरेच्या मणक्यांमधली चकती सरकली आणि डॉक्टरांनी साधी सायकल कायमची बंद केली. कॉलेजपासून निवृत्तीपर्यंत मी सायकलवरच हिंडलो होतो. ही सायकल राहिली तर सायकल चालवणे राहणार होते, नाहीतर संपणार होते.

ती पुण्याहून वापरलेली आली, ट्रान्सपोर्टने, गोणपाटात गुंडाळून. आल्यापासून तिच्यात काही ना काही बदलत आलो. खुर्चीचा फोम इथल्या उन्हात घामाने भिजून कुबट वास मारू लागला, म्हणून तो काढून खाटेची नवार ताणून बसवली. मोपेडचा आरसा लावला. मागच्या मोटारींना दिसावे म्हणून एका लवचिक काडीवर झेंडा हवा होता, पण जो रंग निवडावा तो कोणाचा तरी निघायचा आणि चौकात चौकशी व्हायची. शेवटी स्वयंपाकघरातले चौकडीचे फडके लावले. ते कोणाचेही नव्हते.

साखळीचा प्रश्न वेगळा होता. पॅडल पुढे आणि ओढणारे चाक मागे, त्यामुळे साखळी फार लांब असते, साध्या दोन-तीन साखळ्या जोडल्याइतकी, आणि ती खुर्चीखालच्या एका छोट्या चाकावरून वळते. त्या चाकात पन्न्या अडकायच्या. खर्रा प्लास्टिकच्या पन्नीत घोटतात. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र करून पन्नीवर तळहात घासायचा, माल तोंडात टाकायचा आणि पन्नी रस्त्यावर. आठवड्याला दोन-तीन वेळा मी सायकल उलटी करून चिमट्याने चिकट, काळपट पन्नी त्या चाकातून ओढून काढायचो. आतला उरलेला भुगा ग्रीसमध्ये मिसळलेला असायचा. पुढे वायरिंगची प्लास्टिक नळी कापून साखळीवर चढवली. पन्न्या थांबल्या. साखळीचे जमले, पण चेहऱ्यावर नळी चढवता येत नाही.

रस्त्याच्या डाव्या कडेने चालणाऱ्याला सगळी वाहने उजवीकडून ओलांडतात, आणि ओलांडणाऱ्या मोटारीत डाव्या खिडकीशी बसलेला माणूस डावीकडे थुंकतो. मोटारसायकलवाला वेग कमी न करता मान वळवतो. उभा सायकलस्वार गुडघ्यावर झेलतो ते मी गालावर झेलायचो. शेजारी, मेव्हणा, ओळखीचे, सगळ्यांचे मत एकच होते : खाली झोपून चालवाल तर अंगावर येणारच. थुंकणाऱ्याबद्दल कोणी काही बोलत नसे. तो त्यांच्या लेखी हवामानात जमा होता.

माझी बायको सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाली. क्षयाच्या संशयितांची थुंकी काचपट्टीवर पसरवून ती सूक्ष्मदर्शकाखाली बघणे हे तिचे काम होते. किळस येते असे तिने घरी कधी म्हटल्याचे आठवत नाही. एकदा सदर भागातून परत येताना एका बसच्या खिडकीतून आलेली थुंकी माझ्या उजव्या डोळ्यावर बसली. घरी पोचेपर्यंत पापणीवर वाळली होती. बायकोने मला बेसिनवर वाकवले आणि तांब्याने डोळ्यात पाणी सोडत राहिली.

"आत गेली?"

"थोडी."

तिने मग स्वतःचे हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, बोटांच्या बेचक्यांसकट.

"आणखी एक वेळ तोंडावर घेऊन आले ना," ती म्हणाली, "तर ही गाडी भंगारात देईन. मी मजाक नाही करून राहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भंगारवाल्याला फाटकाशी थांबवून सायकल दाखवली. तो सांगाडा हाताने तोलून बघत होता तेव्हा मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो. मग त्याच संध्याकाळी मी फॅब्रिकेटरकडे गेलो.

त्याचे दुकान सदरच्या एका गल्लीत आहे. खिडक्यांच्या ग्रिल आणि दुकानांच्या पाट्या करतो. त्याच्या गालात खर्रा कायम भरलेला असतो, त्यामुळे बोलताना तो हनुवटी वर करतो आणि छताकडे बघून बोलतो.

"वर बसा ना, काका. खाली काहून झोपता?"

"पाठ."

"मंग ऑटो करत जा."

मला उजव्या बाजूला पारदर्शक आडोसा हवा आहे हे त्याला समजावून सांगितले. त्याने टेप लावून माप घेतले, मधेच उठून नालीत थुंकून आला, आणि त्याच हाताने पुन्हा टेप धरला. पहिला आडोसा त्याने पाटीच्या अॅक्रिलिकचा केला. भोके पाडताना कोपरा तडकला होता, तसाच दिला. शिवाय तो इतका मोठा होता की ट्रक बाजूने गेला की हवेने सायकल आधी बाहेर ढकलली जायची आणि मग आत ओढली जायची. दुसरा पॉलिकार्बोनेटचा घेतला, निम्म्या आकाराचा, खांद्यापासून कानाच्या वरपर्यंत येणारा, पुढून थोडा वळवलेला. त्याला फिरकीचे नट लावले, म्हणजे हातानेच काढता येईल. हा टिकला.

चेहरा वाचला. पण काही दिवसांत नवीन गोष्ट लक्षात आली. पूर्वी जे माझ्यावर पडायचे ते चुकून पडायचे. आता आडोशावर मुद्दाम पडू लागले. सिग्नलला शेजारी थांबलेला माणूस इकडेतिकडे बघायचा, त्याला हातभर अंतरावर एक गुळगुळीत उभा पृष्ठभाग दिसायचा, आणि तो तिथे थुंकायचा. पलीकडे माझा चेहरा असायचा. आमची नजरानजर व्हायची. ओघळ माझ्या डोळ्यांसमोरून खाली उतरताना मी बघायचो आणि तोही बघायचा. एकाने तर आपल्या रुमालाने स्वतःचे तोंड पुसले आणि मला विचारले, "अपंगायची गाडी हाय काय, काका?"

हे फॅब्रिकेटरला सांगितले. त्याला नवल वाटले नाही.

"कोपरा दिसला का माणूस थुंकते. त्याले वाटते, जागा त्याच्यासाठीच ठेवली हाय." त्याने हनुवटी वर केली. "देव लावा, काका. देवावर कोणी नाही थुंकत."

"तू?"

"मी काहून थुंकीन? माणूस आहो ना मी."

आमच्या कार्यालयाच्या जिन्यातही कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावल्या होत्या. एकाच देवाच्या लावल्यावर दुसऱ्या धर्माचे लोक थुंकतील अशी शंका कोणी तरी काढली, म्हणून सगळ्या धर्मांच्या लावल्या. थुंकी थांबली नाही, ती सरकली. टाइल्स स्वच्छ राहिल्या आणि दोन टाइल्सच्या मधली भिंत तपकिरी झाली. मी रोज तो जिना चढायचो. देवाला असा पहाऱ्यावर बसवणे मला थुंकीइतकेच ओंगळ वाटायचे.

बायकोला तसे वाटत नव्हते.

"लावून टाका. दवाखान्याच्या जिन्यात पाहिलं आहे मी. टाइल होती तो कोपरा कोरडा राहायचा."

"आणि बाजूचा?"

"बाजूचा तुमचा नाही."

मी गणपतीचे स्टिकर आणले, तळहाताएवढे, आणि आडोशाच्या बाहेरच्या बाजूला चिकटवले. फॅब्रिकेटर बरोबर होता. त्या दिवसापासून आडोसा कोरडा राहिला. सिग्नलला शेजारी थांबलेली माणसे आता गालातला माल सांभाळत छातीला हात लावायची. एकाने माझ्याकडे बघूनच हात जोडले. मला बरे वाटायला हवे होते. पण प्रत्येक वेळी तो माणूस पुढे जाऊन मान दुसऱ्या बाजूला वळवताना दिसायचा, आणि ती कोणावर पडली ते मी आरशात मागे बघायचो.

बायकोला अजून खात्री पटली नव्हती. तिचे माहेर खाप्याचे. एका रविवारी तिथे जायचे ठरले तेव्हा ती म्हणाली, तुम्ही सायकलवर चला, मी स्कूटरवर सोबत येते, बघू द्या मला. सकाळी निघालो. ती बराच वेळ माझ्या मागे होती. कोराडी रस्त्याच्या एका सिग्नलला मी डाव्या कडेला थांबलो. माझ्या उजवीकडे एक मोटारसायकल येऊन थांबली आणि तिच्या उजवीकडे बायकोने स्कूटर आणली.

मोटारसायकलवाला चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गाल भरलेला. त्याने सवयीने डावीकडे मान वळवली. आडोसा दिसला, मग गणपती दिसला. त्याने हात छातीला लावला, मग कपाळाला. मग तोंड उजवीकडे वळवले आणि थुंकला.

बायकोचा हात स्कूटरच्या हँडलवर होता. मनगटापासून बोटांपर्यंत सगळा माखला. थोडी बाहीवर, थोडी ब्रेकच्या दांडीवर. सुपारीचा एक तुकडा अंगठीच्या कडेला अडकला. तिने हात हलवला नाही. प्रयोगशाळेत तिच्या हातावर मोजे असायचे.

"माफ करा, ताई," तो म्हणाला. "दिसल्या नाही तुम्ही. इकडून देव होता ना."

"देव दिसला, अन् मी नाही दिसली काय गा?"

"चुकून झालं, ताई. आता थुंका तर लागतेच ना. तोंडात किती वेळ धरू?"

"गिळून टाक."

"गिळलं तर नुकसान करते, ताई," तो म्हणाला. त्याने हे समजावणीच्या सुरात सांगितले, जणू तिला माहीत नसावे. मागच्या एका स्कूटरवाल्याने त्याला दुजोरा दिला. सिग्नल सुटला. जाण्याआधी त्याने पुन्हा एकदा माफी मागितली आणि गाडी काढताना आडोशाकडे बघून मान झुकवली.

आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. खुर्चीमागच्या पिशवीतली पाण्याची बाटली मी तिच्या हातावर ओतली. ती संपल्यावर स्कूटरच्या डिकीतली दुसरी ओतली. तिने अंगठी काढून धुतली, मग ब्रेकची दांडी धुतली. ओढणीच्या टोकाने हात पुसला आणि ते टोक दुमडून आत बांधले. मी आडोशाकडे बघण्याचे टाळले.

"परत फिरायचे का?" मी विचारले.

"काहून?"

पाटणसावंगीवरून आम्ही खाप्याला गेलो. उरलेला रस्ता ती माझ्या मागे राहिली नाही, उजवीकडे राहिली, माझ्याच वेगाने. मागून हॉर्न वाजत होते. ट्रक, जीप, सगळ्यांना तिला वळसा घालून जावे लागत होते. तिने एकदाही बाजू दिली नाही.

माहेरच्या अंगणात स्कूटर लावून तिने आधी हात धुतले, या वेळी साबणाने. मग ती सायकलपाशी आली आणि फिरकीचे नट एकेक करून सोडवू लागली. तिचा भाऊ शेतावरून आला होता, तो बघत उभा राहिला.

"बाई, देव काढून राहिली काय तू?"

"पत्रा काढून राहिली."

"भाऊजीच्या तोंडावर थुंकतीन ना मंग लोक."

"अन् हा लावला तर माझ्यावर थुंकते," ती म्हणाली. "हे वर बसले काय अन् खाली झोपले काय, लोक थुंकतेच. माझी स्कूटर तर उंच होती ना?"

भावाने स्टिकरसकट तो आडोसा नेला आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला खिडकी म्हणून बसवला. तिथे काच नव्हती. जेवताना त्याने भंगारवाल्याचा विषय काढला. ही गोष्ट त्याला बहिणीकडूनच फोनवर कळली होती.

"किती देऊन राहिला तो?"

"मी नाही देत," बायको म्हणाली. तिने त्याच्या ताटात भात वाढला. "सायकलीनं काय केलं?"

माझ्याकडे तिने बघितले नाही. तिने घातलेली अट मागे घेते आहे असेही म्हटले नाही.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच निघालो होतो. छावणीजवळ एका पांढऱ्या मोटारीची डावी काच खाली आली आणि मी मान वळवेपर्यंत उशीर झाला. कान, जबडा, शर्टाची कॉलर. काच वर गेली. आतली गाणी अर्धवट ऐकू आली. गाडी निघून गेली. मी तिचा नंबर वाचला आणि तो सांगायचा कोणाला ते न कळल्यामुळे विसरून गेलो. भुगा कॉलरच्या आत शिरला होता. घरापर्यंत तो मानेवर टोचत होता.

फाटकाशी बायको झाडांना पाणी घालत होती. मी थांबलो आणि पाय खाली टेकवले. ती जवळ आली, वाकून बघितले, पापण्या बघितल्या. अशी ती काचपट्टीवर वाकत असणार.

"डोळ्यात?"

"नाही."

"शर्ट बाहेरच काढा," ती म्हणाली आणि हातातली पाण्याची नळी माझ्या मानेवर धरली. पाणी तापलेले होते. ओघळ तपकिरी उतरला, मग फिका, मग स्वच्छ. मग तिने नळी सायकलकडे वळवली, हँडल धुतले, खुर्चीची नवार धुतली आणि फाटक पूर्ण उघडून बाजूला झाली, म्हणजे मला सायकल आत घेता येईल.