विळीला फोडणी

मी तापट आहे याबद्दल माझ्या माहेरचं आणि सासरचं एकमत आहे. दोन्ही घरांचं पटतं ते एवढ्या एकाच बाबतीत. त्यामुळे मी दर शनिवारी लोखंड बडवायला जाणार म्हटल्यावर कुणाला नवल वाटलं नाही. नवरा म्हणाला, बरं झालं, घरातली भांडी तरी वाचतील.

हे आमच्या लंडनमधलं, म्हणजे कॅनडातल्या, ऑन्टारिओतल्या. साल २०१७. आठवडाभर मी एका हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचे आणि संध्याकाळी हातात दाखवण्यासारखं काहीच नसायचं. गावाबाहेर, मक्याच्या शेतांना लागून, एका निवृत्त ट्रक मेकॅनिकची शेड होती. तिथे तो हौशी लोकांना सुऱ्या आणि टॉमाहॉक घडवायला शिकवायचा. टॉमाहॉक म्हणजे एका हाताने चालवायची छोटी कुऱ्हाड. जुन्या हातोडीचं डोकं भट्टीत लाल करायचं आणि ऐरणीवर ठोकून ठोकून त्याची एक बाजू पसरवायची, की झाली. माझी पहिली कुऱ्हाड जराशी डावीकडे झुकलेली आहे. आम्हाला शत्रू नसल्यामुळे तिने नारळ फोडतो. एका घावात, बरोबर मध्यावर. मला तिचा वेड्यासारखा अभिमान आहे.

बाबा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली. तिने राहावं, निदान हिवाळा तरी काढावा, अशी माझी फार इच्छा होती. सांगलीच्या फ्लॅटमध्ये ती एकटी दोन भाकऱ्या थापून एकच खात असेल, असं सारखं माझ्या मनात यायचं. पण येऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच ती म्हणायला लागली, माझं तिकीट अलीकडचं करून दे. रागाने नाही, साखरेचा डबा मागावा इतक्या सहज. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, इथे मला काम नाही. मी चिडायचे. जन्मभर राबलीस, आता आराम कर. त्यावर ती म्हणायची, आराम म्हणजे काय करायचं तेवढं सांग, करते.

तिने स्वयंपाक करून पाहिला, पण घोडं अडलं सुरीपाशी. आईला सुरी येत नाही. तिचा सगळा संसार विळीवर झालेला. पाटावर एक पाय दाबून बसायचं, दोन्ही हातांत भाजी धरायची आणि ती पात्याकडे न्यायची. सुरीने चिरणं म्हणजे तिच्या मते भाजीवर मागून हल्ला. तिची स्वतःची विळी सांगलीत राहिली होती, कारण एअरपोर्टवर तुला आत टाकतील अशी भीती माझ्या भावाने तिला घातली होती. इथे तिने दोनदा बोट कापून घेतल्यावर माझ्या भल्या नवऱ्याने बटण दाबलं की भाजी चिरणारं यंत्र आणलं. त्या दिवसापासून आई किचनमध्ये जायचीच बंद झाली. खिडकीशी बसून शेजाऱ्यांची पार्क केलेली गाडी बघत राहायची. नवऱ्याने नोव्हेंबरच्या अखेरचं तिकीट शोधून ठेवलं. आईने एकदा तारखेला हो म्हटलं की काढायचं.

तेव्हा मी ठरवलं की हिला विळी करून द्यायची.

गुरुजींना, म्हणजे त्या मेकॅनिकला, मी फोनवर विळीचा फोटो दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि हे फिरवायचं कसं ते विचारलं. मी शेडच्या जमिनीवर फतकल मारून दाखवलं, की पातं जागचं हलत नाही, भाजी हलते. त्यांना हे इतकं आवडलं की ते स्वतःही खाली बसले, आणि मग त्यांना उठवायला दोघांना हात द्यावा लागला. पात्यासाठी त्यांनी ट्रकच्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा, एक जुना पोलादी पाटा काढून दिला.

घरी सांगितल्यावर आई बऱ्याच दिवसांनी सावरून बसली. बाक किती, रुंदी किती, सगळं हवेत बोटाने काढून दाखवलं. शेवटी म्हणाली, "पाणी मात्र नीट पाज हं. पाणी नीट बसलं नाही तर धार टिकत नाही." घडवून झालेलं पातं पुन्हा लाल करून एकदम गार करतात, म्हणजे ते कडक होतं. आपल्याकडे त्याला पाणी पाजणंच म्हणतात. आईच्या लहानपणी घराशेजारी लोहाराचं दुकान होतं. त्यामुळे या विषयातला शेवटचा शब्द तिचाच.

दोन-तीन शनिवार मी ते पातं ठोकलं. गुरुजींनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं, की गार करायचं ते तेलात. तेलाचा उंच डबा भट्टीशेजारीच होता आणि त्याच्या पलीकडे सांडशी गार करायची पाण्याची बादली. गुरुजी फोन घ्यायला बाहेर गेले होते. पातं लालभडक झालं, मी ते सांडशीत धरून वळले, आणि कानात आईचा आवाज. ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात. मी आईचं केलं. पातं पाण्यात गेलं आणि टिण् असा अगदी बारीक आवाज आला, गरम चहा ओतल्यावर काचेचा पेला तडकतो तसा. बाहेर काढलं तर धारेपासून पाठीपर्यंत उभी चीर.

गुरुजी धावत आत आले. पाण्यात का, म्हणून विचारलं. आता यांना काय सांगणार, की आमच्या भाषेत पाणीच पाजतात, तेल पाजल्याचं कुणी ऐकलेलं नाही? मी म्हटलं, माय मॉम टोल्ड मी. ते पात्याकडे बघत राहिले.

"मॉम इज राइट," म्हणाले. "राँग स्टील."

लोहाराच्या साध्या लोखंडाला पाणी चालत असणार, पण ट्रकच्या या पोलादाला इतका अचानक गारवा सोसत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. माझा राग काही उतरला नाही. घरी येऊन मी ते पातं आईसमोर टेबलावर आपटलं आणि म्हणाले, तुझ्या पाण्याने घात केला. बोलले आणि लगेच जीभ चावली. आई ती चीर बोटाने चाचपत होती.

"मग ह्यांच्यात काय पाजतात?" तिने विचारलं.

"तेल."

"कसलं?"

"कनोला."

तिने वळून शेगडीजवळच्या बाटलीकडे पाहिलं. "हेच? आपण भाजीला घालतो ते?"

"तेच."

"म्हणजे विळीला फोडणी द्यायची," आई म्हणाली आणि हसायला लागली. पदराने डोळे पुसत, ठसका लागेपर्यंत हसली. बाबा गेल्यापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा पाती फोडली असती.

दुसरं पातं गार करायच्या दिवशी ती साडीवर माझं विंटर जॅकेट चढवून शेडमध्ये हजर झाली. पातं तेलात गेलं, चर्र झालं, जाळ उठला, धूर झाला आणि तळणाचा वास सुटला. आई कोपऱ्यातून हळूच म्हणाली, मोहरी राहिली. गुरुजींनी मला याचा अर्थ विचारला. मी सांगायचा प्रयत्न केला, पण आम्ही हसतोय म्हणून तेही हसले, एवढंच. पातं शाबूत निघालं.

नवऱ्याने मेपलच्या फळीचा पाट केला, मी धार लावली. रविवारी आईने किचनच्या जमिनीवर दुकानाचे फ्लायर पसरले, गुडघ्यांना दोन शब्द सुनावले आणि पाटावर पाय दाबून बसली. कोबीचा अख्खा गड्डा तिने दोन्ही हातांत धरला. बारीक, एकसारखा कोबी कागदावर पडायला लागला. मी दहावीच्या निकालाला उभी असल्यासारखी उभी. नवरा सोफ्यावर फोन घेऊन बसलेला. तिकिटाचं आज आईने काय ते सांगायचं होतं.

कोबी संपला. छान झालंय वगैरे काही नाही. आईने पात्याच्या टोकावर बोट ठेवलं. "हिला खवणी कुठंय?"

विळीच्या टोकाला नारळ खवायची दातेरी चकती असते. ती मी साफ विसरले होते. माझं टाळकं सणकलं. हातावर फोड आलेत, दंड भरून आलेत, आणि हिला खवणी हवी. जा तू सांगलीला, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"नारळ फोडायला कुऱ्हाड केलीस, आणि खवायचा कशाने? नखांनी?" आई कोबी गोळा करत म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. "खवणी करायला किती दिवस लागतील?"

माझ्या आधी नवऱ्याला कळलं. त्याने फोन सोफ्यावर पालथा घातला. मग मला कळलं, आणि राग गेला कुठे तेच समजेना.

"बरेच लागतील," मी म्हटलं. "थंडीत लोखंड लवकर तापत नाही."

जन्म चुलीपुढे आणि बालपण लोहाराशेजारी काढलेली माझी आई. तिने मान डोलावली.

"नाहीच तापत," ती म्हणाली. "घाई करू नकोस."