सिस्टरांच्या छत्र्या

सिस्टर “साफ आहे हं” म्हणाल्या की आमच्या गल्लीतला माणूस धास्तावायचा. जखम असो की एक्सरे, तो ‘हं’ जरा लांबला की समजावं, बाई काहीतरी लपवतेय. नगरच्या दवाखान्यांत जन्म गेलेला, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

निवृत्तीनंतर त्यांचा सगळा जीव हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या आमच्या गावात ही बाई बादलीत मीठ कालवून समुद्र करायची! टाकी त्यांच्या यजमानांनी मांडलेली. मधोमध त्यांनीच लावलेलं हिरव्या बोंडांचं, फांद्याफांद्यांचं जिवंत पोवळं. ते गेले, पोवळं राहिलं. “हे गेलं तर मी दुसऱ्यांदा विधवा होईन,” असं सिस्टर हसत म्हणायच्या. मला ते हसणं मुळीच आवडायचं नाही.

त्या पोवळ्याच्या बुडाशी तांबूस, चपटी मश्रूम कोरलं, पोवळ्याचीच मऊ जात, पसरायला लागली. सिस्टर त्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणत. दिसायला गोड, पण शेजाऱ्याला जगू देत नाहीत मेल्या. यजमान होते तेव्हाची रीत ठरलेली: छत्री कापायची नाही, खालच्या दगडाचा टवका छिन्नीने उडवायचा आणि छत्री टवक्यासकट दुसऱ्या भांड्यात हलवायची. पण सिस्टरांच्या अंगात ऑपरेशन थिएटरची शिस्त! त्यांना ओबडधोबड टवके कुठले चालायला? नवं ब्लेड घेऊन त्यांनी एकेक छत्री देठाशी सफाईने कापली आणि दगड ब्रशने घासला. “बघ, कसं साफ आहे हं.”

बाई गं! काही आठवड्यांतच जिथे एक होती तिथे चार-पाच डोकी वर आली. चिकटून राहिलेल्या कणाकणातून उगवलेली.

त्याच सुमारास सिस्टर बादली डाव्या हाताने उचलायला लागल्या. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, “काखेत गाठ होती. इथेच काढून घेतली. संपलं.”

“पुण्याला दाखवलंत?”

“मला शिकवतेस होय? टाकेसुद्धा सुकले.”

“एखाद्या पेशंटने असं केलं असतं तर तुम्ही त्याची सालटी काढली असती!” मी चिडून बोलले. त्यांनी टाकीत हात घातला आणि छत्र्या कापत राहिल्या.

गाठ परत आली. पुण्याला निघताना मात्र त्यांनी छिन्नी काढली, पोवळं दगडासकट सोडवलं आणि माझ्या घरी छोट्या टाकीत आणून बसवलं. “एवढं सांभाळ. छत्रीचा ठिपका जरी दिसला तरी उडव. माझ्यासारखं शहाणपण करू नकोस.”

मी रोज बघायची. एका सकाळी मुगाएवढा तांबूस ठिपका दिसला. दगडावर नाही, थेट पोवळ्याच्या फांदीवर. नेमका तेव्हाच सिस्टरांचा फोन.

“पोवळं कसंय गं?”

“साफ आहे हं,” मी म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, “किती मोठी आहे?”

“मुगाएवढी,” म्हणाले आणि मला रडू फुटलं.

“रडतेस कशाला? छिन्नी घे.”

“फांदीवर आलीय हो सिस्टर. पोवळं फुटेल.”

“फुटू दे. अर्धं तरी राहील.”

सिस्टर परत आल्या नाहीत. अर्धं पोवळं माझ्याकडे आहे. रोज सकाळी त्याच्या फांद्या नीट बघते, मगच चहाचं आधण ठेवते.