डोक्यावरची सॅक

खर्डीहून माळशेजपर्यंत पायी जायचं ठरलं, तेव्हा लेकीने एकच अट घातली होती. "बाबा, तुझ्या सॅकला मला हात लावावा लागला, की तिथून एसटीने घरी." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

चौथ्या दिवशी वैशाखऱ्याला मामीकडे पोचलो, तेव्हा शिधा संपून सॅक अगदी हलकी झाली होती. मला हवे होते किलोभर तांदूळ. मामीने पाच किलो भरले, वर वाल, शेंगदाण्याचे लाडू आणि लोणच्याची काचेची बरणी. "एवढं नाय नेलंस तर परत येऊ नको." मामीला नाही म्हणायची आमच्यात कुणाची छाती नाही.

सॅक पाठीवर घेतली आणि मी मागेच कलंडलो. मामी हसली. "खांदं कशाला तोडतस रे? डोक्यावर घे." तिने माझा टॉवेल पिळून त्याची गोल चुंबळ केली, ती डोक्यावर ठेवली आणि वर सॅक चढवली. काय सांगू, चालणं एकदम सोपं झालं! मान ताठ, चाल डौलदार. लेक मात्र ओळख नसल्यासारखी वीस पावलं पुढे.

तासाभराने दम लागला, तेव्हा लक्षात आलं की एवढं ओझं एकट्याने उतरवता येत नाही. लेक बांधावर बसून मामीने निघताना तिच्या हातात दिलेले लाडू खात होती. "हात लावू का?" तिने गोड आवाजात विचारलं. मागून एसटीचा हॉर्नही वाजला.

"नको गो, मला काय झालंय?" म्हणत मी दोन्ही हातांनी सॅक धरून तसाच तिच्याशेजारी टेकलो आणि तोंड उघडलं. लाडू तिलाच भरवावा लागला. त्याबद्दल अटीत काही नव्हतं.