पापुद्रे उभे करताना

तुर्भ्यातल्या आमच्या छोट्या कंपनीत मी एक पांढरी, पातळ शीट बनवत होते. बोरॉन नायट्राइडची. ते दिसायला साधी पावडर, पण तिचा प्रत्येक कण म्हणजे अणूंच्या मोजक्या थरांचा पापुद्रा. त्यातून उष्णता पळते, वीज मात्र जात नाही. इलेक्ट्रिक स्कूटरच्या चार्जरमध्ये चिप आणि धातूचा डबा यांच्यामध्ये ही शीट बसवायची, म्हणजे चिपची उष्णता डब्यातून बाहेर पडेल, असा बेत.

पहिल्याच चाचणीत चिप तापली आणि चार्जर बंद पडला. उष्णता शीटभर पसरली होती, डब्यापर्यंत पोचलीच नव्हती.

"सोडून दे हा नाद," साहेब म्हणाले. "बाहेरून तयार पॅड मागवू. उगाच टेन्शन नको."

"सर, मटेरियल चांगलंय. पापुद्रे आडवे झोपलेत, म्हणून उष्णता आडवीच जाते. ते उभे करायला हवेत."

"एवढ्या बारीक वस्तू उभ्या कशा करणार?"

"शीट एकावर एक चिकटवून ठोकळा करते. मग पावासारखे उभे काप काढायचे. काप आडवा ठेवला की पापुद्रे आपोआप उभे."

त्यांनी पॅडची ऑर्डर दिली नाही. मला तेवढं पुरे होतं.

पहिला ठोकळा पात्याखाली भुगा झाला. चिकटवायचं रेझिन कडक होतं. मऊ सिलिकोन घेतलं, तर काप रबरासारखा ताणला गेला. प्रयोगात माझ्यासोबत असलेल्या जोडीदारणीने हात टेकले. मी प्रमाण बदलून चिकटवायचं मिश्रण पुन्हा घोटायला घेतलं.

बोनकोड्याला घरी गेले की बाबा पावडरीने पांढऱ्या झालेल्या माझ्या बाह्या बघायचे. त्यांची शेती कधीच गेली, आता खोल्यांच्या भाड्यावर घर चालतं.

"झाला का गो तुजा काम?"

"नाय."

"मंग सोरून देनार हाय काय?"

"नाय, बाबा."

"मंग जेव आधी."

शेवटी एक काप अखंड निघाला. आम्ही तो चार्जरमध्ये बसवला. डबा तापत गेला, चिप मात्र सुखरूप, चार्जर चालूच. जोडीदारणीने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं.

साहेबांनी डब्याला हात लावून चटकन मागे घेतला. "दुसऱ्या चार्जरवर दाखव."

दुसऱ्यावरही चालला.

"आता मोठा करून बघ," एवढंच बोलून ते गेले. मोठ्या कापाच्या कडा अजून तुटतात. काल पात्याचा वेग कमी केला, तेव्हा एक बाजू तरी शाबूत राहिली.